सँडब्लास्टिंगची पेटी, दोन सुताची नळी आणि आईची कोठी

एक मिनिट काम, दोन मिनिटं थांबा. आमच्या देवपूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीड वर्षं हाच ताल चालला होता. काम म्हणजे सँडब्लास्टिंग: बंद पेटीत हात घालून दाबाच्या हवेने बारीक कण मारायचे आणि गाडीच्या भागांवरचा गंज उडवायचा. कोपरापर्यंत हात रबरी मोज्यांत अडकलेले, काचेपलीकडचं निम्मं अंदाजानेच बघायचं आणि पायाशी कॉम्प्रेसर फटफटतोय. गनचा खटका दाबला की सुरुवातीला गंज भराभरा उडायचा, मग फवारा मंदावायचा आणि शेवटी नुसतीच हवा फुसफुसायची. हात बाहेर काढावेत तर मोजे उलटे होऊन येतात, म्हणून तसंच उभं राहून टाकी भरायची वाट बघायची. एका राजदूत मोटारसायकलचं चेनकव्हर आणि स्टँड साफ करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तेवढ्या वेळात पॉलिश पेपरने घासलं असतं तरी झालं असतं, हे बायकोने एकदाच बोलून दाखवलं. पुन्हा बोलायची तिला गरज पडली नाही.

माझी नोकरी टेबलावरची. जुन्या गाड्या उभ्या करणं हा संध्याकाळचा नाद. राजदूत, येझदी, एखादी प्रिया स्कूटर. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही हमरस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाडीचं कुठलंही काम करणारा माणूस इथे सापडतो. ट्रकची चासी ब्लास्ट करून देणारेही आहेत. पण त्यांच्याकडे येझदीचं क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) दिलं की ते ट्रकच्याच हिशोबाने मारतात आणि अॅल्युमिनियम खरवडून परत येतं. म्हणून बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून ही पेटी जुनी घेतली. तीन फूट रुंद, दोन फूट खोल, सोळा गेजचा पत्रा, खाली चौकोनी नरसाळं, आणि ओढीची गन. म्हणजे दाबाने माल (मारायचे कण) ढकलणारी नव्हे. गनमधून हवा जोरात निघते, तिच्या ओढीने खालून नळीतून माल वर येतो आणि नोझलमधून दोन्ही एकत्र बाहेर पडतात. साधा प्रकार आहे, म्हणून बिघडलं तर कळायला हवं होतं. मला कळत नव्हतं.

सुरुवातीची एक चूक आधीच सांगून टाकतो. पेटी आणली तेव्हा 'सँड' ब्लास्टिंग म्हणजे वाळूच, असं धरून पांझरा नदीची वाळू गच्चीवर वाळवली, आईच्या चाळणीने चाळली आणि भरली. पंधरा दिवस तेच चाललं. शेड पांढुरकं झालं, रात्री घसा खवखवायचा. नंतर वाचत गेलो तसा घाबरलो. वाळूतली सिलिका फुटून जी बारीक धूळ होते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची पिढीच्या पिढी या सिलिकोसिसने गेली. ब्रिटनने तर ओतकामाच्या ब्लास्टिंगला वाळू वापरायची नाही असा नियम १९४९ मध्येच केला. आपल्या नद्यांची वाळू काळ्या खडकाची, तिच्यात सिलिका कमी असेल, असं एक गृहस्थ म्हणाले. असल्या भरवशावर फुप्फुसं पणाला लावायची नसतात. वाळू दुसऱ्याच दिवशी अंगणाच्या खड्ड्यात गेली, वरून पाणी मारून.

तर मुद्दा हवेचा. मी मनाशी पक्कं केलं होतं की कॉम्प्रेसर लहान आहे. दोन एचपीचा, शंभर लिटर टाकीचा. पाच एचपीचा घ्यावा, त्यासाठी थ्री फेज घ्यावं, इथपर्यंत बेत गेला होता. शेजारचे नाना एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त झालेले. ते संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहतात. त्यांनी माझा सगळा बेत ऐकून घेतला, शेडमध्ये आले, भिंतीवरून गनपर्यंत गेलेली निळी गुंडाळीची नळी बोटांत धरली आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुना कॉम्प्रेसर धाकला शे का नई ते मंग देखू. पहिले ही नळी धाकली शे."

मला पटलं नाही. रेग्युलेटरच्या (हवेचा दाब ठरवणाऱ्या कळीच्या) घड्याळावर नव्वद पीएसआय दिसत होते; पीएसआय हे दाबाचं माप. नाना म्हणाले, हे घड्याळ भिंतीवर आहे, तू काम गनपाशी करतोस. तिथे एक घड्याळ लाव. पाचकंदीलजवळच्या दुकानातून एक टी आणि छोटं प्रेशर गेज आणलं आणि गनच्या अगदी मागे बसवलं. खटका सोडलेला असताना नव्वद. खटका दाबला, काटा सरळ पन्नासवर येऊन थरथरत राहिला. भिंतीवरचं घड्याळ त्या वेळीही ऐटीत नव्वदच्या जवळ. मधले चाळीस पीएसआय नळीने आणि जोडण्यांनी खाल्ले होते. दीड वर्षं मी पन्नासच्या दाबाने लोखंडाचा गंज काढत होतो.

ती निळी गुंडाळीची नळी टायरमध्ये हवा भरायला ठीक असते. आतलं भोक जेमतेम पाच-सहा एमएम, लांबी ताणली तर पंचवीस फूट. त्यात झटपट जोडायचे तीन कपलर, प्रत्येकाच्या पोटात दोन सुताचं, म्हणजे पाव इंचाचं भोक आणि त्यातही स्प्रिंगची अडचण. आम्ही ते सगळं काढलं. चार सुताची रबरी हवेची नळी, जेवढी लागते तेवढीच लांब, दोन्ही टोकांना पितळी निपल आणि क्लिप. कपलर एकच ठेवला, तोही मोठ्या भोकाचा. गनपाशी दाब ऐंशीवर आला. फवाऱ्याचा आवाजच बदलला. आधी फुर्र होता, आता कापड फाडल्यासारखा.

आणि टाकी आधीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली.

हे मी आधी ओळखायला हवं होतं. दाब वाढला की त्याच भोकातून हवाही जास्त जाते. आधी मिनिटभर पुरायची, आता अर्धं मिनिट. नाना हसले, पण मोजमाप करूनच पुढे जायचं म्हणाले. टाकी ६० वरून १०० पीएसआयवर यायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या घड्याळावर मोजलं: ९५ सेकंद. हिशोब सोपा आहे. शंभर लिटर म्हणजे साडेतीन घनफूट. ४० पीएसआयला वातावरणाच्या १४.७ ने भागलं आणि साडेतीनने गुणलं की साडेनऊ घनफूट हवा. ९५ सेकंदांत साडेनऊ, म्हणजे मिनिटाला सहा. कॉम्प्रेसरच्या पाटीवर आठच्या आसपासचा आकडा आहे, पण तो सिलिंडरच्या आकारावरून काढलेला. दाबाखाली हातात येते ती हवा सहाच. ज्यांच्याकडे घरगुती कॉम्प्रेसर आहे त्यांनी ही मोजणी एकदा जरूर करावी. पाटीवरचा आकडा आणि खरा आकडा यांतला फरक कळला की पुढची बरीच खरेदी टळते.

मग गन उघडली. आत हवेची पितळी चोच असते, तिला जेट म्हणतात. तिच्या भोकात ड्रिल बिटांची मागची बाजू घालून बघितली. कागदावर जेट २.४ एमएमचं, पण तीनचं बिट सहज आत गेलं. ऐकायला फरक अर्ध्या एमएमचाच. पण हवा क्षेत्रफळाने जाते, आणि क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालं होतं. ऐंशी पीएसआयला २.४ च्या भोकातून मिनिटाला बाराएक घनफूट हवा जाते, तीनच्या भोकातून एकोणीसच्या आसपास. माझ्याकडे सहा. म्हणजे घरात दोन भाकरी आणि पंगतीला सहा माणसं.

नोझलचीही तीच गत. सिरॅमिकची नोझल आतून घासून लंबगोल झाली होती. जेटच्या दुप्पट भोक नोझलला लागतं, म्हणजे २.४ ला पाच एमएम. माझी सातच्या पुढे गेलेली. भोक मोठं झालं की ओढ मरते आणि माल वर येत नाही. या वेळी बोरॉन कार्बाइडची, म्हणजे खूप कठीण आणि सहज न झिजणारी नोझल मागवली. तेवढ्या पैशांत सिरॅमिकच्या बऱ्याच आल्या असत्या, आणि आजही वाटतं की जो महिन्यातून एखादवेळी पेटी चालवतो त्याने सिरॅमिकच वापरावी, चार जास्तीच्या आणून ठेवाव्या आणि भोक मोजत राहावं. मी हौसेने घेतली, एवढंच.

नवं जेट बसल्यावर गरज बाराची आणि पुरवठा सहाचा. इथे पाच एचपीचा विषय पुन्हा निघाला असता, पण आग्रा रोडवरच्या एका टायरवाल्याने दुकान बंद करताना त्याचा दोन एचपीचा कॉम्प्रेसर विकायला काढला. सहा आणि सहा बारा. थ्री फेजचा खर्च वाचला. मी तो टेम्पोत घालून आणला आणि लगेच जोडणार होतो, तर नानांनी हात धरला. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं पाणी साठून पत्रा आतून खाल्लेला असतो, बाहेरून रंग चकचकीत. त्यांनी प्लंबरकडून हाताने मारायचा टेस्ट पंप आणला. टाकी काठोकाठ पाण्याने भरली, सगळी हवा काढली आणि चालवायच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन अर्धा तास ठेवली. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी भस्सकन पाणी गळून दाब जागच्या जागी बसतो. हवेने तीच तपासणी केली तर फाटताना पत्र्याचे तुकडे उडतात. टाकीने दाब धरला. तळाचा पाणी सोडायचा कॉक मात्र गंजून बंद झाला होता, तो बदलला.

दोन्ही कॉम्प्रेसरना वेगवेगळे सोळा अँपियरचे पॉइंट आणि वेगवेगळे एमसीबी दिले. घराचा मंजूर भार त्यासाठी वाढवून घ्यावा लागला. दुसऱ्याचा प्रेशर स्विच दहा पीएसआय खाली लावला, म्हणजे दोघे एकाच क्षणी सुरू होत नाहीत. पहिले दोन दिवस ते एकदमच उठायचे आणि घरातला टीव्ही मिचमिचायचा. प्रत्येकाच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे, नाहीतर एकाची हवा दुसऱ्याच्या डोक्यात शिरते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सलग सात मिनिटं खटका धरून होतो. थांबलो ते हात दुखला म्हणून.

हात दुखण्याचा उपाय पुढे पायात सापडला. गनचा खटका कायमचा उघडा ठेवून हवा पायाच्या पेडलवर घेतली. बोटांना फक्त दिशा द्यायची.

यानंतर पावसाळा आला, आणि कोरड्या दिवसांत न दिसलेलं दुखणं वर आलं. माल नळीत गोळा होऊन अडकायचा. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की तापते, पुढे नळीत थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते. जुलैच्या दमट संध्याकाळी तासभर काम केलं तर एका कॉम्प्रेसरच्या टाकीतूनच पेलाभर पाणी निघतं, आणि जे टाकीत थांबत नाही ते थेट गनमध्ये येतं. फिल्टर लावलेला होताच, पण तो कॉम्प्रेसरला चिकटून. तिथे हवा अजून गरमच असते, वाफ वाफच राहते आणि फिल्टरमधून बिनदिक्कत पार होते. फिल्टर लावायचा तो हवा थंड झाल्यावर, म्हणजे पेटीजवळ. मधे थंड व्हायला लोखंडी पाईप हवा.

आता खान्देशात पाईप म्हटलं की माणूस आधी पीव्हीसीच दाखवतो. जळगावपासून इथपर्यंत शेताशेतांत तोच पसरलेला, प्रत्येकाच्या गोठ्यात दोन-चार तुकडे पडलेले. मलाही तिघांनी तेच सुचवलं, वर दहा किलोचा दाब सहन करतो म्हणून छापलेलं दाखवलं. तो आकडा पाण्याचा आहे. दाबाच्या हवेखाली पीव्हीसी तडकला तर काचेसारखे तुकडे उडवतो, आणि आमच्या उन्हाने तो दोन वर्षांत ठिसूळ होतो. ठिबकला तो सोन्यासारखा, हवेला नाही. मी चार सुताचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप घेतला. कॉम्प्रेसरपासून सरळ वर छताकडे, मग भिंतीने वीस फूट, थोडा उतार देऊन, शेवटी खाली उतरून तळाला पाणी सोडायचा कॉक. पेटीसाठीची फांदी पाईपच्या खालून नाही, वरच्या अंगाने काढून मग खाली वळवली. पाणी पाईपच्या तळाने धावतं, ते फांदीत शिरत नाही. त्यानंतर फिल्टर. आता पावसाळ्यातही कॉकमधून पाणी निघतं आणि गन कोरडी राहते. दोन्ही टाक्यांचं पाणी रोज सोडायचं काम मुलाकडे आहे, फुस्स आवाज त्याला आवडतो.

माल अडकायचं दुसरं कारण नरसाळ्यात होतं. त्याचा उतार इतका कमी की चारी बाजूंना माल ढिगासारखा बसून राहायचा आणि मधे विहिरीसारखा खड्डा पडायचा. नळी त्या खड्ड्यात हवा ओढत बसे. मी मोज्यातला हात खाली घालून ढीग पाडायचो, दर पाच मिनिटांनी. आतून चार तिरके पत्रे साठ अंशांवर वेल्ड करून घेतले, माल आपोआप तळाशी घसरायला लागला. मग उलटाच त्रास. नळीचं तोंड मालात पूर्ण गाडलं गेलं आणि गन गुदमरून भकभक थुंकायला लागली. "माल ओढाले हवा लागस," नाना म्हणाले. घट्ट श्रीखंड स्ट्रॉने ओढून बघा, तसं. ओढनळीच्या वरच्या, मालाबाहेरच्या भागात तीन एमएमचं भोक पाडलं, त्यावर फिरणारी पत्र्याची पट्टी बसवली. पट्टी सरकवून हवा किती आणि माल किती ते जमवता येतं. फवाऱ्यात माल जेमतेम दिसला पाहिजे. जास्त माल म्हणजे जास्त सफाई नव्हे, कणच एकमेकांवर आपटून वेग घालवतात.

धुळीचं प्रकरण सगळ्यात लांबलं. पेटीत मिनिटाला बारा घनफूट हवा येते, तिला बाहेर जायला वाट हवी. माझ्या पेटीला वाट नव्हती म्हणून ती दाराच्या फटीतून, मोज्यांच्या कड्यांमधून, वेल्डिंगच्या भोकांतून धूळ घेऊन निघायची. आत तर धुकं. मी घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणून लावला. तो नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी त्याच्या मोटारीतून जळका वास आला आणि घरात माझी पत आणखी थोडी खाली गेली.

मग मधे सायक्लोन बसवायचं ठरवलं. प्लास्टिकचा शंकू बाजारात मिळतो. धुळीची हवा त्यात गोल फिरते, जड कण भिंतीला घासून खाली डब्यात पडतात, हलकी हवा वर निघून जाते. डबा म्हणून वीस लिटरची रंगाची बादली घेतली, शेवटी कारखान्यांसारखा मोठ्या फिल्टरचा कोरडा-ओला व्हॅक्यूम. पहिल्याच संध्याकाळी चिंधीचा तुकडा नळीत अडकला, ओढ साचली आणि बादली डोळ्यांदेखत चेपून चपटी झाली. मोठा आवाज झाला. आई बाहेर आली, चपट्या बादलीकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

पत्र्याची कोठी वापरायची कल्पना माझी, पण ती कोठी आईची. वर्षाचे गहू भरायची, आता रिकामीच पडून होती. मागितली तर म्हणाली, "तिच्यात घाण भरशील." घाणच भरणार होतो. शेवटी झाकणावरचं तिचं नाव न पुसण्याच्या अटीवर मिळाली. गोल, जाड पत्रा, वर घट्ट झाकण. झाकणाच्या कडेला रबर लावून त्यावर सायक्लोन बसवला. ओढीने ती एक सूतही वाकली नाही.

हवा जाते तशी यायलाही हवी. पेटीच्या डाव्या भिंतीला वर दोन इंची दोन भोकं पाडली, त्यांना वर तोंड केलेले पीव्हीसीचे एल्बो लावले (इथे दाब नाही, इथे पीव्हीसी चालतो) आणि आतून एक आडवा पत्रा, म्हणजे उडालेला माल भोकातून बाहेर येत नाही. ओढ उजव्या भिंतीला. आता स्वच्छ हवा डावीकडून काचेसमोरून उजवीकडे जाते आणि धुकं सोबत नेते. दाराला फोमची पट्टी, सगळ्या सांध्यांना आतून सिलिकॉन. रात्री दिवा बंद करून पेटीत टॉर्च ठेवला की उरलेल्या फटी प्रकाशाने दिसतात. मला अकरा सापडल्या.

ओढ किती ठेवायची याची एक घरगुती परीक्षा आहे. कोठीतला माल चिमटीत घ्यायचा. मैद्यासारखा लागला तर ठीक, रव्यासारखा लागला तर चांगला माल वाया जातोय, व्हॅक्यूमच्या नळीवरही तशीच सरकती पट्टी हवी, ती थोडी उघडून बाहेरची हवा आत घ्यायची. काम संपल्यावर मिनिटभर व्हॅक्यूम चालू ठेवून मगच दार उघडायचं, आणि तेव्हाही नाकावर मास्क. जुन्या गाड्यांच्या रंगाखाली लाल रेड-लेडचा हात असतो, त्यात शिसं. त्यामुळे कोठीतली धूळ जाड पिशवीत बांधून ठेवतो, बागेत टाकत नाही.

उजेडाचं काम एका दुपारचं. आतला बल्ब काढून टाकला, पेटीच्या छताला खिडकी कापून जाड काच बसवली आणि तिच्यावर बाहेरून एलईडी ट्यूब ठेवली. बघायच्या काचेला आतून माल लागून ती दुधी होते, तिच्यासाठी कॉलेजजवळच्या स्पायरल बाइंडिंगवाल्याकडून पारदर्शक कव्हरं आणतो. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावतात ती. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी, दुधी झालं की बदल. पेटीखाली लाकडी ठोकळे देऊन ती सहा इंच उचलली. मोज्यांची भोकं कोपराच्या उंचीला आल्यावर कळलं की पाठदुखी वयाची नव्हती.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मात्र गनने झटके द्यायला सुरुवात केली. कणांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि मनगटात सुई टोचल्यासारखी उतरते. गन, आतली जाळी आणि पेटी एका तारेने जोडून अर्थिंगला दिली, तरी झटके येतच. शोधता शोधता उघड झालं की शेडच्या सॉकेटमधली अर्थिंगची पिन वायरिंग करणाऱ्याने न्यूट्रललाच जोडून ठेवली होती. स्थिर विजेचं राहू द्या, पण दोन एचपीची मोटार त्यावर चालत होती. नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, कोळसा-मीठ घातलं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो, म्हणून मे महिन्यात त्यातही दोन बादल्या पाणी ओततो.

मालाच्या बाबतीत आता दोनच डबे ठेवलेत. लोखंडासाठी तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइड, ऐंशी नंबर, ऐंशी पीएसआय. अॅल्युमिनियमसाठी काचेचे बारीक मणी, पन्नासच्या आसपास दाब. मण्यांनी धातू कापला जात नाही, ठोकून मऊ साटीनसारखा होतो. क्रँककेसची मूळ कळा परत येते ती यानेच. दोन्ही कधी मिसळायचे नाहीत. लोखंडाचे कण मण्यांत गेले तर अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तिथे तांबूस ठिपके उठतात. इंजिनाच्या भागांत तेलाच्या वाटा आधी बुचाने बंद करायच्या, नंतर गरम पाणी-साबणाने धुऊन हवा मारायची, आणि पुन्हा धुवायचं. एक मणी बेअरिंगमध्ये गेला तर सगळ्या हौसेचा चुरा.

या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेआधी शहाद्याकडचे एक घोडेवाले बारा रिकिबी आणि पाच लगामांच्या कड्या घेऊन आले. वर्षानुवर्षांचा गंज आणि वर चुन्यासारखा थर. जुन्या पेटीत हे आठवड्याचं काम होतं. संध्याकाळी सहाला सुरू केलं, साडेआठला सगळं जाळीवर मांडलेलं होतं, एकसारखं राखाडी. सकाळी ते घ्यायला आले आणि त्यांचा चेहरा पडला. "चमक कुठे गेली?" ब्लास्ट केलेलं लोखंड निस्तेजच दिसतं, त्या खडबडीतपणावर रंग किंवा थर धरतो, चमक हवी तर पुढे पॉलिश करून निकेल चढवावं लागेल, हे मी आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मग त्या रिकिबी आणि कड्या औद्योगिक वसाहतीतल्या निकेलवाल्याकडे दिल्या. त्याने दोन रिकिबी परत पाठवल्या. दोन्हींवर अंगठ्याचे तांबूस ठसे होते, एक माझा आणि एक घोडेवाल्यांचा. उघड्या लोखंडाला घामाचा हात लागला की रात्रीत एवढा गंज पुरतो. चार मिनिटांत पुन्हा मारल्या, सुती मोज्यांनी उचलल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या.